हार्वेस्टचा चौथा अर्थ

आमच्या इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत एक नियम आहे. ज्याने नोंद लिहिली त्याने ती मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायची. कानाला खटकलं की नोंद परत. माझ्या नोंदी पूर्वी धाकटी बहीण ऐकायची, समोरच्या खुर्चीत बसून, आणि हटकून खोड काढायची. "ताई, हे मराठी आहे की औषधाच्या बाटलीवरचा कागद?" आता अण्णा ऐकतात. ते आमचे संपादक; कान तिखट, जीभ त्याहून.

तीही इथेच नोंदी लिहायची; अपघातात गेली तेव्हा 'हार्वेस्ट' हा शब्द तिच्याकडे होता. तीन अर्थ लिहून झाले होते. या शब्दाचा जुना अर्थ कापणी नव्हताच. पानं पिवळी पडायचा ऋतू, एवढाच. जर्मनमधला त्याचा भाऊबंद अजून ऋतूच सांगतो. त्याही मागे गेलं तर धातू सापडतो तो खुडण्याचा. पुढे ऋतूचं पीक झालं, पिकाची कापणी. चौथा अर्थ राहिला होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी तोच शब्द वापरला होता. मेंदू थांबलाय, अवयव हार्वेस्ट करता येतील, घरच्यांचं काय म्हणणं आहे? आईची शुद्ध हरपलेली. हो मी म्हटलं. तेव्हा धाकटीचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होता. यंत्रामुळे का होईना, छाती खालीवर होत होती.

तिची खुर्ची आता कोणी वापरत नाही, त्या बाजूला ऊनही येत नाही. तरी रोज सकाळी मी गादीवर तळहात ठेवते आणि ती गरम लागते. वेड लागलंय म्हणा हवं तर. भुताला मी भीत नाही. मी हो म्हटलं तेव्हा ती जिवंत असली तर, या विचाराने माझी झोप उडाली आहे.

आज नोंद छपाईला जायची होती. मी वाचलं, "प्रत्यारोपणासाठी शरीरातून हृदय, डोळे इत्यादी अवयव काढून घेणे."

"कोणाच्या शरीरातून?" अण्णांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"माणसाच्या."

"जिवंत माणसाचं हृदय काढलं तर त्याला खून म्हणतात, बाई. एक शब्द गाळलात तुम्ही."

"जागा नव्हती."

"दोन अक्षरांना?"

अण्णांचा आवाज खाली आला. "मी लिहू का?"

क्षणभर वाटलं, लिहू देत. मग माझाच मला राग आला. "नको. तिची नोंद आहे. मीच लिहिते."

शब्द घातला आणि नियमाप्रमाणे पुन्हा वाचायला घेतलं. "प्रत्यारोपणासाठी मृत..." तेवढा शब्द मी पुटपुटले. आईला, शेजाऱ्यांना, सगळ्यांना मी 'गेली' म्हणत आले होते, 'आपल्यात नाही' म्हणत आले होते. हा शब्द तिच्यासाठी एकदाही तोंडातून काढला नव्हता.

"पुन्हा," अण्णा म्हणाले. "नीट ऐकू आलं नाही."

चांगलं ऐकू आलं होतं त्यांना. मी पुन्हा वाचलं. मोठ्याने, तिची माफी न मागता.