शिंगरू आणावं की घोडा

माळीबुवांच्या घोडीने म्हातारपणापुढे गुडघे टेकले आणि घरात वादाला तोंड फुटलं. रोपांच्या कुंड्या गिऱ्हाइकांच्या दारी पोचायच्या त्या तिच्याच गाडीने. आता ती अंगणात बसून पेन्शन खात होती आणि विक्रीला आलेली रोपं वाफ्यात ताटकळत होती.

"शिंगरूच आणू," बुवा म्हणाले. "हिलाही मीच लहानाची मोठी केली ना?"

"तेव्हा तुमच्या डोक्यावर केस होते," गुलाबाची फांदी छाटत माळीणबाई म्हणाल्या. "शिंगरू गाडीला लागेल तोवर तुम्ही काठीला लागाल."

बाण वर्मी बसला. तयार घोडा आणायचा म्हणजे शिंगरू वाढवणं आता आपल्या आवाक्यातलं नाही, हे कबूल करणं आलं. आणि नेमकं तेच बुवांना नको होतं. पण हार मानतील तर ते बुवा कसले!

"अगं, देवाला तरी तयार भक्त कुठे मिळतात? वेडेवाकडे येतात, तोच त्यांना घडवतो."

"देवाला दुपारच्या आत कुंड्या पोचवायच्या नसतात."

शेवटी नुसतं बघून यायचं ठरलं. घोडेवाल्याच्या आवारात शिंगरू दिसलं आणि बुवा विरघळलेच. लांबच लांब पाय, त्यातला कुठला आधी टाकावा याचा त्यालाच पत्ता नाही. त्याने बुवांचा सदरा हुंगला, चावला आणि त्यांच्या पायावर खुशाल पाय दिला.

"लळा लागला बघ," बुवा कळवळत म्हणाले.

"दिसतोय. बूट काढा, सुजेल."

मग घोडेवाल्याने तयार घोडा गाडीला जुंपला. करडा, पोक्त, एखाद्या हेडमास्तरासारखा. बाई शेजारी बसल्या. बुवांनी लगाम धरला आणि सवयीने भजन सुरू केलं. घरची घोडी ध्रुपदाला निघे, अंतऱ्याला वेग घेई आणि सूर थांबला की थांबे; दुसरं काही तिला कुणी शिकवलंच नव्हतं. करडा मात्र ढिम्म. बुवांनी वरची पट्टी लावली. करड्याने एक कान मागे वळवला आणि जांभई दिली.

"बुवा, गाता काय? नुसतं 'चल' म्हणा!" घोडेवाला ओरडला.

"चल," बाईच म्हणाल्या, आणि करडा निघाला. "थांब," म्हणताच थांबलाही.

"अगबाई! इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कुणी माझं ऐकलं!"

बुवा हसले नाहीत. ते कुंपणाकडे बघत होते. शिंगरू उधळलं होतं आणि घोडेवाल्याचा तरणाताठा भाऊ धापा टाकत त्याच्यामागे पळत होता. बुवांनी सुजलेला पाय हळूच चोळला.

"माझ्याच्याने आता नाही व्हायचं गं ते."

माळीणबाईंच्या जिभेवर टोमणा आला असेलही, पण तो त्यांनी गिळला. त्या जराशा जवळ सरकल्या.

"मग याला घेऊ या?"

"घेऊ. पण याला भजन यायलाच हवं."

"शिकवा की. तुमचं शिंगरूच समजा."

"दोन वर्षं तरी जातील."

"जाऊ देत. तोवर 'चल' म्हणायला मी आहे ना."