विकायचं फूल

प्रेमलताने रिकामी टोपली ओट्याच्या कडेवर उपडी आपटली, तेव्हा तळाला चिकटलेलं केळीचं पान सुटून खाली पडलं. पान नुसतं पडलं नाही, धप्प वाजलं. तिने ते उलगडलं. आत मोगऱ्याचा गजरा होता, दुपदरी, घट्ट विणलेला.

तिने मान वर केली. विहिरीच्या काठावर हरेश्वर पाय धूत होता. दादरला माल उतरवून तो नुकताच परतला होता, आणि पायावर इतकं पाणी ओतत होता, की पाहणाऱ्याला वाटावं, बाजारातून चिखल नव्हे, पाप घेऊन आला आहे.

"हे काय निघालं टोपलीतून?"

"काय निघालं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला कसं माहीत? टोपली तू उपडी केलीस."

एवढं बोलून त्याने तांब्या खाली ठेवला आणि हसू दाबायला तोंडावर पंचा घेतला. मग इकडेतिकडे बघत जवळ आला.

"आईचा कायदा विकायच्या फुलाला आहे," तो हळूच म्हणाला. "हे विकून झालेलं फूल. मी रीतसर विकत घेतलंय."

प्रेमलताला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती भिंतीला टेकली. लग्न होऊन आल्यापासून हा माणूस पहाटे टोपल्या भरून जायचा, दुपारी रिकाम्या घेऊन यायचा, जेवायचा आणि वाडीला पाणी सोडायला जायचा. त्याच्या डोक्यात असले वकिली डाव शिजत असतील, हे तिला आजच कळत होतं.

कायदा मात्र खरा होता. निर्मळच्या त्या घरामागे मोगऱ्याची वाडी होती आणि वाडीवर सासूचं, जमनाबाईचं, राज्य होतं. वाडीतलं फूल मुंबईला जातं, तिथून देवाच्या गळ्यात पडतं. घरच्या बाईने त्यातली एक कळी जरी केसात खोवली तरी त्या दिवशीची सगळी तोड बाटली. माळायचं नाही, हुंगायचं नाही, तोडताना श्वाससुद्धा बेतानेच घ्यायचा. प्रेमलताच्या मैत्रिणींनी लग्नात तिला चिडवलं होतं, मोगऱ्याच्या घरात पडलीस, आता तुझं डोकं म्हणजे बागच. आणि इथे रोज टोपल्यांनी कळ्या खुडून तिचा अंबाडा मुंडल्यासारखा. तिच्या माहेरी, बोळिंजला, बाप वांगी विकायचा आणि घरात वांगीच शिजायची. त्याने कधी म्हटलं नाही, की हे गिऱ्हाइकाचं आहे, तुम्ही वास घ्या फक्त. इथे तर वासही नव्हता.

"कुणाकडून घेतला?" तिने विचारलं.

"दादरच्या पुलाजवळ एक बाई बसते. आपण शेठला माल दिला, शेठकडून तिने घेतला, आणि मी तिच्यासमोर बसून गजरा विणवून घेतला."

"म्हणजे हा आपलाच मोगरा?"

"आपलाच! तू तोडलेला," हरेश्वर फुशारून म्हणाला.

तिने गजरा नीट पाहिला. पहाटे तिच्या बोटांना टपोऱ्या, गार लागलेल्या कळ्या. मुंबईला जाऊन आल्या आणि कडांना पिवळ्या पडल्या. दोन-चार तर तपकिरी झाल्या होत्या. वास मोगऱ्याचा कमी आणि ओल्या टोपलीचा जास्त.

"आवडला नाही?"

"तुम्ही आणलात ते आवडलं," ती म्हणाली आणि तिथेच, विहिरीपाशी, भर उन्हात तिने तो अंबाड्यावर गुंडाळला.

"अगं, खोलीत जाऊन! आई ओट्यावर आहे."

"मला दिसतात त्या."

ती टोपल्या उचलून सरळ ओट्यावर गेली. जमनाबाई सुपात तांदूळ निवडत होती. शेजारी थोरली सून मंदा बसली होती. ही मंदा या घरात सासूची सावली. सासूने हूं म्हणण्याआधी हिचा हुंकार तयार असे. गजरा आधी तिला दिसला.

"आई, बघा," मंदा म्हणाली.

जमनाबाईने बघितलं. सूप खाली ठेवलं.

"कुठून आला?"

"दादरहून," प्रेमलता म्हणाली. "विकत."

"मोगऱ्याच्या घरात मोगरा विकत? उद्या विहिरीचं पाणी विकत आणाल. हरेश्वरा! बायकोने डोकं खाल्लं की तुला मुळातच नव्हतं?"

हरेश्वर विहिरीपाशीच थांबला होता. तो पुन्हा पाय धुऊ लागला.

"त्यांना का बोलता? माळलाय मी."

"तोंडाने विचारलं असतंस तर?"

"विचारलं असतं तर दिला असतात?"

"नाही."

"म्हणून नाही विचारलं."

मंदाने ओठ चावला. या ओट्यावर असं कुणी बोललं नव्हतं. जमनाबाईने नव्या सुनेला पायापासून केसांपर्यंत न्याहाळलं. बाई उंच, कपाळ मोकळं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. पण बसायची अशी, की ओटा तिच्याखाली आपण होऊन नीट व्हायचा.

"शिळं फूल माळून मिरवतेस," ती म्हणाली. "शोभतं तुला."

"ताजं बाटतं ना माझ्या डोक्याने."

"तुझ्या नाही, कुणाच्याही. मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूने सांगितलं, माळायचं नाही. नाही माळलं. मग माळायची वेळच गेली. मेले नाही मी त्याने."

तिने सूप परत मांडीवर घेतलं आणि तांदळातला खडा असा भिरकावला, की कोंबडी उडाली.

प्रेमलता आत गेली. तिने गजरा सोडला. सासूने शोभतं म्हटलं ते तिला झोंबलं नव्हतं. झोंबलं ते हे, की सासूचं बोलणं खरं होतं. आपल्या हाताने तोडलेलं फूल मुंबईला जाऊन, चार हातांतून फिरून, मलूल होऊन आपल्याकडे आलं, आणि आपण ते चोरून आणलेल्या नवलाईने माळलं. हरेश्वर आत आला तेव्हा तिने तो गजरा त्याच्या हातात ठेवला.

"परत आणू नका."

"रागावलीस?"

"तुमच्यावर नाही. पण मला दादरचं नको. इथलं हवं. आणि आईंच्या डोळ्यांदेखत हवं."

हरेश्वरने डोकं खाजवलं. "एवढ्याशा फुलासाठी घरात महाभारत करशील."

"फूल एवढंसं आहे ना? मग द्यायला काय जातं?"

हरेश्वर गजरा पंच्यात गुंडाळून वाडीला पाणी सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सगळे वाडीत उतरले. थोरला दीर जगन्नाथ एका बाजूने, मंदा दुसऱ्या. हरेश्वर स्टेशनला माल न्यायच्या गाडीला बैल जुंपून आला. जमनाबाई बांधावर उभी होती. टोपल्या भरत आल्या. केळीच्या पानांवर कळ्यांचा ढीग चढला, त्यावर पाणी शिंपडून झालं. तेव्हा प्रेमलता शेवटच्या झाडाशी सरळ उभी राहिली. तिने एक डहाळी खुडली, पानासकट, तीन टपोऱ्या कळ्यांची. सासूकडे तोंड करून ती अंबाड्यात खोवली. घाई केली नाही. डहाळी हलते का ते बोटाने चाचपूनही पाहिलं.

जगन्नाथची हातातली कळी टोपलीत टाकायची राहिली. मंदा म्हणाली, "अगं बाई!"

जमनाबाई बांधावरून ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं.

"टोपल्या खाली ठेवा," ती म्हणाली. "आजची तोड बाटली."

"आई, शेठ वाट बघेल," हरेश्वर म्हणाला.

"बघू दे. बाटलेलं फूल देवाच्या गळ्यात मी पाठवणार नाही. खड्ड्यात ओत सगळं. आणि तुझ्या बायकोला दाखव, एका डहाळीने काय जातं ते."

घराची एका दिवसाची मेहनत त्या टोपल्यांत होती. त्यातली प्रेमलताचीही होती. डहाळी उपसून टाकली असती तर म्हातारी कदाचित पाघळली असती. तिचा हात केसांकडे गेलाही. पण तिने नुसता पदर सावरला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा काय करतो, त्यावर पुढचं सगळं आयुष्य अवलंबून आहे, असं तिला वाटलं, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

हरेश्वरने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग गाडीपाशी जाऊन बैल सोडले.

"बरं, आई. नाही नेत."

जमनाबाईने मान डोलावली.

"मोगरा लागल्यापासून एक दिवस घरी राहिलो नाही," तो पुढे म्हणाला. "आज राहतो. आणि ओतायचीच आहेत तर संध्याकाळी ओततो. तोवर आम्ही दोघं ती विणतो."

"आम्ही दोघं?" जमनाबाई म्हणाली. "पुरुषासारखा पुरुष, गजरे विणणार?"

"पुलाजवळच्या बाईचं बघून शिकलोय ना."

आणि तो खरोखर बसला. आंब्याखाली गोणपाट अंथरलं, केळीच्या खोडाचं सोपट फाडून दोरे केले. त्याचा पहिला गजरा अळीसारखा वाकडा झाला. प्रेमलता त्याला हसली, त्याने तिचा दोरा ओढून तोडला. दोघं एकमेकांच्या बोटांना दोरे गुंडाळत, भांडत, कळ्या विणत राहिले. लग्नानंतर दिवसाढवळ्या इतका वेळ ती दोघं कधी शेजारी बसली नव्हती. त्याच्या डाव्या गालाला हसताना खळी पडते, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

समोरच्या घरातली मार्गारेट कुंपणापाशी आली. "काय रे हरेश्वरा, गाडी गेली नाय आज? बैल आजारी की तू?"

"फुलं आजारी," तो म्हणाला.

प्रेमलताने तिला सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात? मार्गारेट कंबरेवर हात ठेवून हसली.

"तुमच्या देवाला चालत नसतील तर मला द्या गो. मे महिना आमच्या माऊलीचा, वाटेवरच्या क्रूसापाशी रोज संध्याकाळी प्रार्थना असते. आमची माऊली काय विचारणार नाय, कुणी हुंगली, कुणी माळली."

प्रेमलताने तिला क्रूसासाठी ओंजळी भरभरून दिल्या आणि वर एक गजरा तिच्या केसांसाठी. मार्गारेट तो माळून गेली. आळीतून गेली, म्हणजे आळीभर बातमी झाली. मग एकेक बाई कुंपणाशी येऊ लागली. कुणाला खरंच फुलं हवी होती, कुणाला भांडण बघायचं होतं. गजरा मात्र सगळ्यांनी नेला. निर्मळच्या बायकांनी त्या वाडीचा मोगरा आयुष्यभर कुंपणाबाहेरून पाहिला होता.

संध्याकाळी कळ्या उमलल्या. जमनाबाई ओट्यावर बसली होती आणि समोरच्या वाटेने बाया देवळाकडे चालल्या होत्या, क्रूसाकडे चालल्या होत्या. हरएक अंबाड्यावर तिच्या वाडीचा मोगरा. आणि भांडण ठाऊक असूनही हरएक बाई थांबून गोड बोलत होती.

"जमनाबाय, मोठं मन हो तुमचं!"

"नव्या सुनेच्या कौतुकाला आख्ख्या गावाला फुलं वाटलीत. कोण करतं एवढं!"

पहिलीला जमनाबाईने नुसती मान हलवली. दुसरीला म्हणाली, "असू दे." तिसरी आली तेव्हा तिने पाठ ताठ केली, पदर नीट घेतला आणि सांगितलं, "एकदा अशी फुलं वाटायचीच होती मला. घरात नवी सून आलीय. आमच्याकडे काय कमी आहे?"

दारात उभ्या प्रेमलताने हे ऐकलं. मागे हरेश्वर होता. त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो घाईने परसात गेला.

वाट रिकामी झाली तशी जमनाबाईने मान न वळवता हाक मारली.

"इकडे ये."

प्रेमलता पुढे झाली. डहाळी केसांतच होती. कळ्या पूर्ण फुलल्या होत्या.

"उद्याची तोड जायला हवी."

"जाईल."

"आधी टोपल्या भरायच्या. गाडी हलली, की मग डोकं. झाडावर मागे राहील ते घे. कळलं?"

प्रेमलताने क्षणभर विचार केला. एवढ्यावर दुसरी सून पाया पडली असती.

"नाही, आई. आधी डोकं. पहिल्या झाडाची पहिली कळी. मग टोपल्या मी सगळ्यांपेक्षा जास्त भरीन."

"जीभ बघा हिची," जमनाबाई म्हणाली. "बोळिंजला वांग्याबरोबर मिरच्या पिकवत होते वाटतं."

पण नाही म्हणाली नाही. ती समोर वाटेकडे बघत राहिली.

आतून पावलं वाजली. मंदा ओट्यावर आली. तिचे केस सुटे होते, नुकते विंचरलेले, आणि हातात फणी तशीच होती. तिने सासूकडे बघितलं नाही. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं नाही.

"प्रेमा," ती धाकट्या जावेला म्हणाली, आणि आवाज मुद्दाम मोठा ठेवला, "माझ्या गजऱ्यापुरता दोरा उरलाय का गं?"