शिडी काढण्याआधी

मित्रांनो, मला एकवीस पायऱ्या आहेत. त्यातल्या चार नंतर बसवलेल्या. मी आता जुनी शिडी आहे, एवढी डागडुजी चालायचीच.

मला घडवणारा सुतार कमी बोलायचा. दोन सरळ, चिवट वासे निवडायला त्याने आठ दिवस घेतले. एकेक पायरी बसवली की तो स्वतः तिच्यावर उभा राहायचा, दोन उड्या मारायचा आणि मगच पुढची हातात घ्यायचा. "चढणाऱ्याला शिडीची आठवणसुद्धा येता कामा नये," एवढंच तो म्हणाला. माझं सगळं शिक्षण ते.

माझी नोकरी एका कड्यापाशी होती. त्या कड्याच्या पोटात, जमिनीपासून दोन मजले वर, फार फार पूर्वी माणसांनी घरं कोरली होती. नऊ खोल्या, एकीतून दुसरीत जाणारी बुटकी दारं, भिंतीत कोनाडे आणि चुलीच्या वर धुराने काळं झालेलं छत. खालून वर जायला पाऊल टेकेल एवढीही जागा नव्हती. तिथली माणसं शिडीनेच ये-जा करत आणि शत्रू आला की शिडी वर ओढून घेत. त्यांच्या शिड्यांनी उंबऱ्याच्या दगडात दोन खाचा पाडल्या होत्या. माझे वासे त्यांत चपखल बसायचे, जणू मापं माझीच घेतली होती.

पुढे कित्येक शतकांनी त्याच डोंगराच्या खांद्यावर कुणी किल्ला बांधला. किल्ल्यातल्या सैनिकांनी गुहांमध्ये वैरण भरली. मग सैनिकही गेले, किल्ला उरला आणि त्याच्या बुरुजाचा जिना कोसळला. त्यामुळे बुरुजावर चढायलाही मीच.

शिडी एक, जागा दोन! सकाळी मी गुहांशी, दुपारी बुरुजाशी. राखणदार काका माझं पुढचं टोक खांद्यावर घ्यायचे, काकू मागचं. वाट दहा मिनिटांची, पण भांडण रोज पुरायचं.

"अहो, जरा हळू! मागे मी आहे, बैल नाही."

"बैल असता तर इतकं बोलला नसता."

गुहांच्या पायथ्याशी खडकात वाडग्याएवढा खळगा होता. वर जाणाऱ्याने टोपलीतला एक खडा त्या खळग्यात टाकायचा आणि उतरल्यावर तो परत टोपलीत ठेवायचा. खळगा रिकामा झाला की वर कुणी नाही, शिडी काढायची. तीस वर्षांत काकांची ही मोजणी चुकली नव्हती. नियम एकच होता : जो आपल्या पायांनी चढेल, त्याचा खडा. कडेवरच्या मुलाचा खडा नाही. ते ज्याच्याबरोबर गेलं त्याच्याबरोबरच येणार, त्यात मोजायचं काय, असं काका म्हणत.

एके दिवशी एक कुटुंब आलं. आई, बाबा, आत्या आणि तीन वर्षांची ठमी. ठमीला ओढणीने बाबांच्या पाठीशी बांधलं होतं. तिघे चढले, तीन खडे पडले.

वर गेल्यावर आत्याने खाली डोकावलं आणि तिचे पाय लटपटायला लागले. तिला उतरवायला बाबा निघाले. त्यांनी ठमीला पाठीवरून सोडवलं, "जा, आईकडे जा," म्हणून आतल्या खोल्यांकडे वळवलं आणि आत्याच्या एकेक पावलाला हात देत उतरू लागले.

"जमिनीकडे बघू नकोस गं, माझ्या डोक्याकडे बघ."

"तुझ्या टकलाकडे बघूनच गरगरतंय!"

ठमी निघाली खरी, पण वाटेतल्या खोलीत एका कोनाड्यापाशी रमली. आई दुसऱ्याच दाराने बाहेर आली. तिला ना नवरा दिसला ना लेक. वर आली तशी बाबांच्या पाठीवरूनच उतरली असेल, असं तिला वाटलं आणि तीही उतरली. तोवर बाबा आत्याला पाणी पाजायला किल्ल्यातल्या टाक्यापाशी गेले होते. आई त्यांच्या मागे गेली.

काकांनी खळग्यात पाहिलं. खळगा रिकामा. "चला हो, उचला," ते काकूंना म्हणाले.

मित्रांनो, माझं डोकं उंबऱ्यावर होतं. उभ्या माणसाला दिसलं नसतं, पण बुटक्या दारातून मला ठमीची पाठ दिसत होती. ती काहीतरी गुणगुणत होती. पण शिडीला तोंड नसतं. मी खाचेत जरा अडकून पाहिलं, तर काका म्हणाले, "आज अंगात आलंय हिच्या," आणि त्यांनी मला हिसका देऊन काढलं.

टाक्यापाशी आई पोहोचली तेव्हा मागोमाग आम्हीही पोहोचलो.

"ठमी कुठे आहे?" आईने विचारलं.

"म्हणजे? तुझ्याकडे पाठवली ना मी!"

काकांनी आधी त्या दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग माझं मागचं टोक बाबांनी उचललं आणि साठीचे काका पुढे चक्क पळत सुटले. त्या दिवशी वाटेत भांडण नव्हतं.

कडा दिसताच आईने हाक मारायला तोंड उघडलं. काकूंनी तिच्या तोंडावर हात दाबला.

"हाक मारू नका, बाई! तुमचा आवाज ऐकला तर ती धावत काठावर येईल. तिथे आता शिडी नाही."

आईने ती हाक गिळली. दुसरा शब्द मला सापडत नाही. लेक समोर आहे आणि तिचं नावही घ्यायचं नाही.

काकांनी मला उभं केलं, खाचांत टेकवलं आणि नेहमीसारखे झटके द्यायला सुरुवात केली.

"काका, सोडा हो आता!" बाबा कळवळले.

"तीन झटके," काका पुटपुटले. आणि तिसरा झटका त्यांनी दिलाच.

आईने चपला काढल्या. माझ्यावर हजारो पाय पडले असतील, पण इतके हलके पाय कधीच नाहीत. माझी पंधरावी पायरी करकरायची. तिने कडेला पाऊल ठेवलं, मीही जमेल तेवढी गप्प राहिले.

ठमी उंबऱ्यापासून पाच-सहा पावलांवर होती. तिने एक लांबट दगड कोनाड्यात निजवला होता आणि त्याच्यावर आपला रुमाल पांघरला होता. आईला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, आई. बाळ झोपलंय."

आई दरीकडे पाठ करून उंबऱ्यात बसली, लेकीला मांडीवर घेतलं आणि मगच रडली. ठमी मात्र बाळाला कोण उठवणार याच काळजीत होती.

खाली काकांना कुणी रागावलं नाही. तेच हात जोडून म्हणाले, "चूक माझी. मी पाय मोजले, माणसं नाही मोजली." दुसऱ्या दिवसापासून कडेवरच्या बाळाचाही खडा पडू लागला. आणि मला हात लावण्याआधी काका मान वर करून ओरडायचे, "वर कुणी आहे का?" घुमलेला आवाज विरेपर्यंत ते थांबायचे. काकू मागून म्हणायच्या, "थांबा, अजून विरला नाही."

आता गुहांना लोखंडी जिना झाला आहे. बुरुजाचा जिनाही बांधून काढला. लोक शाबासकी त्यांना देतात, मला त्याचं वाईट वाटत नाही. मी किल्ल्याच्या देवडीत आडवी पडून असते. वर्षातून एकदा काकांची मुलगी मला तेल लावते. एरवी मला वाळवी लागली तरी लवकर कुणाला कळायचं नाही. जिन्याच्या फाटकाला कुलूप हल्ली तीच घालते, आणि त्याआधी तिने मारलेली "वर कुणी आहे का?" ही हाक इथवर ऐकू येते.

मित्रांनो, वस्तू सांभाळा, जुन्या शिडीला तेल द्या, हे तर मी म्हणेनच. पण त्याहून एक मागणं मोठं आहे. कुठलंही दार लावण्याआधी, कुठलीही शिडी काढण्याआधी, आत राहिलेल्याला एकदा हाक मारा. शिडी जागेवर आहे तोवरच हाक मारता येते. नंतर ती गिळावी लागते.