तेल पिणारा देव

गणपती दूध प्यायला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. देवांना पेय बदलावंसं वाटलं असावं, कारण आता गडबच्या हायवेलगत, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात, भैरोबा चक्क इंजिनचं ऑइल पीत होता.

मांडवाबाहेर ट्रॅक्स, टेम्पो, मिनिडोर यांची रांग कोलाडला पोचते की काय अशी लागली होती. बायका पोरंबाळं घेऊन, म्हातारे पथाऱ्या घेऊन आले होते. मधोमध हमरापूरच्या कारागिरानं रंगवलेली भैरोबाची माणसाएवढी मूर्ती, तिच्या ओठांतून निघालेली एक काळी नळी, आणि शेजारी, पेणहून नुकतेच जीपनं आलेले, भगव्या कफनीतले हैबतबाबा.

"गाडीला जीव नाय म्हणता?" बाबा ओरडत होते. "ती खाते, पिते, रडते! तिठ्यावर उतरून टाकलेलं लिंबू तुमच्या चाकाखाली येतं, ते कुठं जातं? पोटात! मेकॅनिक खालचा नट उघडतो. खालनं काय निघतं? नुसता मळ! पाप वरनं निघतं, आणि ते फक्त माझा भैरोबा पितो!"

लोकांनी माना डोलावल्या. खालून निघतो तो मळ आणि वरून निघतं ते पाप, हे शास्त्र त्यांना ताबडतोब पटलं.

गर्दीच्या कडेला हर्षद मास्तर दात आवळून उभे होते. ते रोह्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत. आज शाळा बुडवून ते आले होते ते भाचीसाठी. त्यांची धाकटी बहीण शकू इथल्याच काळुराम ड्रायव्हरला दिलेली. तिची नऊ वर्षांची दिशा खोकत होती, वाळत चालली होती. पेणच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून टीबी सांगितला, गोळ्या सुरू केल्या, आणि 'मी सांगेपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही' असं बजावलं. पोर जरा तरतरीत झाली, तेवढ्यात हा बाबा उपटला. काळुरामची ट्रॅक्स त्यानं 'बरी' केली. आणि आज तो दिशाच्या छातीवर तांब्याची वाटी ठेवून आतलं काळं ओढून काढणार होता. अट एकच, गोळ्या बंद. 'गोळ्यांनी माझा देव उपाशी राहतो,' असं त्याचं म्हणणं.

"दाजी, पोरीचा जीव जाईल," मास्तर सकाळीच मेव्हण्याला म्हणाले होते.

काळुरामनं मान खाली घातली होती. "मास्तर, टीबी म्हटलं तर आमच्या घरचं पाणी कोन पिनार? उद्या तिला सून कोन करनार? बाधा म्हटलं तर लोकं हळहळतात तरी."

या उत्तरानं मास्तरांना रागही आला होता आणि वाईटही वाटलं होतं. काळुराम दुष्ट नव्हता, तो घाबरला होता. आणि घाबरलेल्या माणसाइतकं मऊ भक्ष्य बाबालोकांना दुसरं मिळत नाही.

एका टेम्पोचा नंबर लागला. बाबांच्या आज्ञेनं ड्रायव्हरनं आधी शेताला गाडीसकट प्रदक्षिणा घातल्या, धूळ उडवत, भैरोबाचा जयजयकार करत. मग इंजिन बंद झालं, ऑइल मोजायची पट्टी उपसली गेली आणि त्या भोकात बाबांनी भैरोबाच्या तोंडातली नळी सोडली.

"आता घंटा! ज्याचं पाप त्यानंच वाजवायची!"

ड्रायव्हरनं दोर ओढला. वर आडव्या वाशाला पितळी घंटा टांगलेली होती. एवढीशी घंटा, पण ती वाजवताना गडी घामाघूम झाला.

"जड लागतंय ना?" बाबा हसले. "पाप हाय ते! जसजसं वर येतं तसतसं वजन वाढतं!"

नळी थरथरली. मूर्तीच्या पोटाला काचेची खिडकी होती, तीत काळंकुट्ट तेल चढू लागलं. बायकांनी हात जोडले, कुणी रडलं. मग बाबांनी इंजिनात 'तीर्थ' ओतलं. गाडी सुरू झाली ती लोण्यासारखी. कडेला दक्षिणेचं ताट मांडलेलंच होतं.

मास्तरांच्या मात्र हाताला ते जडपण आठवत होतं. त्यांची पाठ धरलेली असायची, जुन्या फियाटखाली शिरणं त्यांना जमत नसे. म्हणून ते घरच्या अंगणातच, शाळेनं मोडीत काढलेल्या निर्वात पंपानं, पट्टीच्या भोकातून ऑइल उपसत. त्या पंपाचा दांडाही असाच जड होत जाई. तो पंप आत्ताही फियाटच्या डिकीत होता.

"पुढं आना पोरीला," बाबा म्हणाले. शकूनं दिशाला छातीशी घट्ट धरलं. काळुरामनं गोळ्यांची पिशवी मूर्तीपुढं ठेवली.

"बाबा," मास्तर मोठ्यानं म्हणाले, "आधी एक शंका. तुमच्या जीपचं पाप कोण काढतं?"

"माझ्या जीपला पाप शिवत नाय!"

"मग बघू या की. मघाशीच पेणहून आलात, इंजिन अजून गरम असेल."

बाबा काही बोलणार तोच गर्दी जीपकडे वळली. भक्ताला देवापेक्षा तमाशा जास्त आवडतो, हे बाबांना ठाऊक असायला हवं होतं. मास्तरांनी डिकीतून पंप आणि जाड काचेचं भांडं आणलं. बाबांच्या जीपची पट्टी उपसली, नळी सोडली आणि दांडा काळुरामच्या हातात दिला.

"ओढा दाजी."

काळुरामनं ओढला. पुन्हा ओढला. त्याचा चेहरा बदलला. "मास्तर, हा बी जड व्हतोय!"

"होणारच. आतली हवा काढली की बाहेरची हवा दाबते. शहाळं पिताना तुम्ही नळीनं ओढता ना, तसंच. तेल देव पीत नाही, हवा ते ढकलते."

भांड्यात तेल आलं. टेम्पोवाल्याच्या तेलापेक्षा काळं, डांबरासारखं घट्ट.

"अगो बाय!" पुतळी नावाची म्हातारी किंचाळली. "बाबाच्याच पोटात येवढं पाप?"

लोक हसले. बाबा ओरडले, "हा चेटूक करतोय! मूर्तीला हात लावाल तर भैरोबा..."

पण शकूनं हात लावला होता. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिनं दिशाला खाली ठेवलं, मूर्तीमागचा जरीचा पडदा ओढून फाडला आणि सगळ्यांना दिसलं. मूर्ती पोकळ प्लास्टरची. पोटात त्या खिडकीला जोडलेला हवाबंद लोखंडी डबा, त्यावर पंप. घंटेचा दोर वाशावरच्या कप्पीवरून मागं उतरून थेट पंपाच्या दांड्याला बांधलेला. तो इतके दिवस भक्तच ओढत होते. फसवायचं कामही बाबांनी फसणाऱ्यांकडूनच करून घेतलं होतं, आणि वर त्याला पुण्य म्हटलं होतं. बाजूला तांब्याची एक वाटी होती, तिच्या तळाला तेलात भिजलेला बोळा चिकटवलेला. दिशाच्या छातीवर ठेवायची वाटी ती हीच.

बाबा शेताच्या बांधावरून पळाले. जीप तिथंच राहिली.

"पन मास्तर," टेम्पोवाला चिडून म्हणाला, "माझी गाडी सुधारली ती खोटी काय?"

"खरी! का नाही सुधारणार? तुम्ही लोक वर्षानुवर्षं जुन्यात नवं ऑइल ओतता, बदलत कधी नाही. यानं बदललं. प्रदक्षिणा घातल्या त्या इंजिन तापून ऑइल पातळ व्हावं म्हणून. तीर्थ म्हणजे बाजारातलं नवं ऑइल. ऑइल काम करतं म्हणून काळं होतं, त्यात पाप कसलं? जे काम गॅरेजात होतं, त्यासाठी तुम्ही इथं लोटांगणं घातलीत. आणि इंजिनचं ऑइल निघालं म्हणून पोरीचा रोग निघेल असं मानलंत!"

एकानं हळूच शकूला विचारलं, "पोरीला बाधा नाय, मंग काय हाय गो?"

काळुरामनं बायकोकडे पाहिलं. शकूनं मूर्तीपुढची गोळ्यांची पिशवी उचलून पदराला पुसली.

"टीबी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्या पोरीला टीबी हाय, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. ज्याला आमचं पाणी प्यायचं नाय त्यानं पिऊ नये."

दोघी-तिघी मागं सरकल्या. काळुराम पुढं झाला, लेकीला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "पेणला डॉक्टरकडं जातो. कधी गोळी चुकली, तर काय करायचं तेबी विचारतो."

ज्यांना हे वाचून हसू आलं असेल त्यांनी जरूर हसावं. पण पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी मूर्तीच्या मागं जाऊन बघावं. देव रागावणार नाही. रागावेल तो बाबा, आणि तो रागावला की समजावं, आपण बरोबर जागी बघतो आहोत.