भर दुपारी पेटलेला बॉयलर

"यांच्या आंघोळीचं पाणी निवू देऊ नकोस हं, पोरी."

सासूबाई हे बोलल्या तेव्हा खिडकीच्या काचांवर दव गोठलं होतं आणि त्यांचा हात सूनबाईच्या हातात होता. नंतर हिवाळे सरले, उन्हाळे आले. सासूबाई गेल्या, पण तो आवाज न्हाणीघराच्या भिंतीत मुरून राहिला. सूनबाईनं तो शब्द डोळ्यांत तेल घालून पाळला.

न्हाणीघराशेजारच्या बोळकांडीत तेलावर चालणारा बॉयलर होता. हिवाळ्यात पाणी किती तापावं ते ठरवणारी त्याची चकती शेवटच्या खुणेवर जायची आणि उन्हाळा आला तरी तिथंच राहायची. आतलं पाणी जरा निवलं की ज्योत आपोआप पेटायची. घरात कुणी असो, नसो.

"अगं, नळाखाली हात धरला तर साल निघेल," नवरा म्हणायचा. "लोक उन्हाळ्यात घाम पुसतात, आपण पाणी उकळतो!"

"तुम्ही गप्प बसा. मामंजींना लागतं."

मामंजी म्हणजे तिचे सासरे. ते वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले असायचे. हो नाही, की नाही नाही.

घर दोन मजली. वर हे तिघं, खाली एक तरुण जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ. बॉयलर दोन, पण तेलाची टाकी परसात एकच, दोन्ही घरांची सामाईक. यंदा त्या टाकीवरचा, तेल किती उरलं ते दाखवणारा काटा भर उन्हाळ्यातच खाली झुकला. तेलवाल्यानं स्पष्ट सांगितलं, "थंडी सरेपर्यंत गाडी मिळायची नाही. आहे त्यात भागवा."

सूनबाईनं परसात नजर टाकली. दोरीभर लंगोट वाळत होते. तिनं निकाल तिथंच लावून टाकला.

जिन्यात शेजारच्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ती म्हणाली, "काही लोकांना लंगोट उकळत्या पाण्यात धुवायची हौस! टाकी काय एकट्याची आहे?"

खालची बाळाला थोपटत उभी होती. तिचा चेहरा उतरला. "जपून वापरेन, वहिनी," एवढंच ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले ते सगळ्यांनी पाहिलं. सूनबाईनंही पाहिलं. आणि खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं.

थोड्याच दिवसांत खालची नवऱ्याला आणि बाळाला घेऊन माहेरी गेली. दाराला कुलूप, बॉयलर बंद, दोरी रिकामी. आता काटा जागचा हलणार नाही, या खात्रीनं सूनबाई परसात गेली. काटा खाली! दुसऱ्या दिवशी गेली. आणखी खाली!

ती घरात आली. दुपार टळटळीत होती. सगळं सामसूम. आणि त्या सामसुमीत बोळकांडीतून आवाज आला, भस्स! ज्योत पेटली होती. तिच्याच घरातली!

"मामंजी, तुम्ही आत्ता गरम पाणी घेतलंत?"

"नाही गं."

"सकाळी?"

मामंजींनी चष्मा काढला, उगाच पुसला. "सकाळीही नाही. उन्हाळ्यात मी गार पाण्यानंच आंघोळ करतो. तुझी सासू होती तेव्हाही करायचो."

"पण नळ वाजतो की रोज!"

"तो मी सोडतो थोडा. तुला ऐकू जावा म्हणून. एवढ्या मायेनं तापवतेस, नको कसं म्हणू?"

सूनबाई मटकन खाली बसली. तिचे कान तापले. जिन्यातला तो उतरलेला चेहरा तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला एका शब्दानं बोलायचं होतंत, मामंजी!"

"बोलायला हवं होतं. चुकलंच माझं." मामंजी म्हणाले. "पण बाई, तिनं ते सांगितलं तेव्हा हाडं गोठवणारी थंडी होती. तिला माझी काळजी होती, बॉयलरची नव्हे. पाणी तापवायचं ते कुणीतरी अंगावर घेईल म्हणून. कुणीच घेणार नसेल तर आपण तापवतो काय? बोळकांडीची भिंत! आणि जळतं कुणाचं? खालच्या लेकराच्या हिवाळ्यातलं."

सूनबाई उठली. तिनं चकती खाली आणली. त्या दिवसापासून सकाळी लागेल तेवढंच पाणी तापायचं आणि आंघोळी उरकल्या की बॉयलर बंद. काटा थांबला.

पण तिची जीभही थांबली. खालची परत आली तरी ती काही बोलली नाही. शेजारणी म्हणाल्या, "बोललात ते बरं केलंत हो, काटा थांबला बघा!" सूनबाई कसनुशी हसली.

वाचकहो, आपल्याही घरात अशी एखादी चकती हिवाळ्यापासून तशीच नसेल कशावरून? कुणाला नको असलेलं पाणी आपण मायेच्या नावाखाली तापवत राहतो, आणि तेल संपलं की बोट शेजाऱ्याकडे दाखवतो. माया करावी, पण आधी विचारावं. सामाईक टाकीतला थेंब आपण एकट्यानं जाळायचा नसतो!

एका सकाळी सूनबाई जिना उतरली. परसात खालची मांडी घालून बसली होती. उन्हात ठेवलेल्या बादलीत तिनं कोपर बुडवून पाहिलं. मांडीवरचं बाळ उघडंच होतं.

"हे काय गं?"

"बाळाच्या आंघोळीचं पाणी. ऊन चांगलं आहे, होतं कोमट." मग ती घाईघाईनं म्हणाली, "आम्ही बॉयलर लावतच नाही आता, वहिनी. लंगोटही गारच पाण्यात धुते. काटा थांबला ना? आता नाही ना तुमची तक्रार?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तोच असता तर सोसवला असता. सूनबाई तिच्याशेजारी ओल्या फरशीवरच बसली. बाळानं तिचं बोट मुठीत धरलं.

"टाकी तू नाही गं रिकामी केलीस," ती म्हणाली. "मी केली."