उजवा गाल

बयाबाईच्या सुनेचा उजवा गाल पुन्हा सुजला, आणि तोही नेमका लेक रजेवर यायच्या तोंडावर! आता काय म्हणावं या नशिबाला?

लेक कृष्णात पलटणीत. दुसरी मोठी लढाई जोरात होती, त्यामुळे लग्नानंतर महिनाभर राहिला आणि गेला. त्याची बायको विजयमाला सांगलीकडची, मोठी गुणाची पोर. पण तो गेल्यापासून तिच्या एकाच गालावर लाल चट्टे, बारीक फोड आणि जीव नकोसा करणारी खाज. सूज फार वाढली की बयाबाई तिला आपल्या अंथरुणात घ्यायची, कडुलिंबाच्या पाल्यानं शेकायची, आमसुलाचं पाणी पाजायची. चार दिवसांत गाल उतरायचा. आपल्याच हाताला गुण आहे, असं बयाबाईला वाटायचं. मग पोर आपल्या वाकळीवर निजायला गेली, की येरे माझ्या मागल्या!

"काय तरी बाधतंय पोरीला," असं म्हणून बयाबाईनं घरातलं वांगं बंद केलं. मग शेंगदाणा बंद, मग सुकट बंद. पोरीनं एकटीनं अळणी का खावं, म्हणून स्वतःही तेच खाल्लं. बिब्बा तर लग्नातच हद्दपार झाला होता. विहीणबाईंनी बजावलं होतं, "हिला बिब्बा सोसत न्हाई, जरा लागला की उततो." त्या दिवशी बयाबाईनं घरातले सगळे बिब्बे उकिरड्यावर टाकले. तेव्हापासून टाचांच्या भेगांना लावायला बिब्बा नाही, म्हणून त्या तशाच घेऊन ती रानात जायची.

त्यात चुलत दीर नानासो ओसरीवर येऊन टेकला.

"वैनी, ह्यो आजार लक्षणाचा दिसत न्हाई. कृष्णात यायच्या आत पोरगी म्हायेरला धाडा. दुसरी बघू."

बयाबाईचं टाळकंच सरकलं. "आवं भावजी, पाय लंगडला म्हणून बाजारात उभी करायला ती काय म्हस हाय व्हय? निगा आता!"

नानासो गेला, पण आतून पोरीचं मुसमुसणं ऐकू आलं.

"आत्याबाई, त्येंचं खरं हाय. असलं त्वांड मी ह्यास्नी कसं दावू? मला म्हायेरला पोचवा."

पोटची मुलगी नसलेल्या बयाबाईची हीच मुलगी झाली होती. ती गेली तर चुलीपुढं बोलायचं कुणाशी?

"चार दिस थांब," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी विजयमाला पाण्याला गेली तेव्हा बयाबाईनं वाकळा उन्हात टाकायला काढल्या. पोरीची वाकळ झटकली आणि आतून घडी घातलेला खाकी शर्ट पडला. कृष्णातचा! कॉलर वर येईल अशी घडी. आणि कॉलरच्या आत काळे दोन टिपके न् एक रेघ.

बयाबाईनं कॉलर उजेडात धरली. ही परटाची खूण. शंभर जणांच्या कपड्यांत ज्याचा त्याला कळावा म्हणून परीट बिब्ब्याला सुई टोचून अशी खूण करतो, ती कितीही धुतली तरी जात नाही. घरातला बिब्बा तिनं उकिरड्यावर टाकला होता, आणि हा पलटणीतून थेट पोरीच्या गालाखाली आला होता! आधी तिला हसू फुटलं, मग डोळे भरून आले. माझी भाबडी पोर ती! लाजेपायी गाल जाळून घेतला, पण नवऱ्याच्या शर्टावर निजते हे बोलली नाही.

बिब्ब्याचा धूरही पोरीला बाधेल, म्हणून तिनं कॉलर कापून चुलीपासून लांब, घरामागच्या परड्यात पुरली. शर्ट रिठ्याच्या पाण्यात खळखळून धुतला, कडक उन्हात वाळवला आणि होता तसा वाकळीत घातला. मग तीळ-खोबरं वाटून सुनेच्या गालाला लावलं.

"बिब्बा उतलाय तुला, बये. शर्टाच्या कॉलरला व्हता. टाकला मी काढून."

शर्टाचं नाव निघताच विजयमालाचा डावा गालही लाल झाला. ती मान वर करायला तयार होईना.

कृष्णात आला तेव्हा गाल नितळ झाला होता. नानासो येऊन चहा पिऊन गेला, दुसरीचं नाव काढायची त्याची छाती झाली नाही. संध्याकाळी कृष्णात आपला जुना शर्ट हातात घेऊन बाहेर आला.

"आये, कॉलर कुठं गेली ह्येची?"

"उंदरानं खाल्ली, बाबा. आन् परटाला सांग, हितनं पुढं बिब्बा नगं, दोऱ्याची खूण कर म्हणावं."

विजयमाला पदर तोंडाला लावून चुलीकडं पळाली. बयाबाई मागोमाग गेली आणि भाकरी थापायला बसली.

"आत्याबाई," पोर हळूच म्हणाली, "लय हसला असशीला न्हवं मला?"

"हसू कशाला? तुझं सासरं पैल्या मोठ्या लढाईला गेलं तवा त्येंचा पटका माझ्या उशाला व्हता. माझा गाल सुजला न्हाई, म्हणून कुणाला कळलं न्हाई."