मावशीचा नंबर

"पातेलं मागे घे," मावशी म्हणाली. "कडेवरच्याला सवलत नाही."

"अहो, ताप आहे बाळाला," मी म्हणाले. "सकाळपासून पोटात थेंब नाही."

"हाऊसफुल्ल आहे, बाई. मी काय करू?"

रांग हसली. मावशीचा जन्म थिएटरच्या दारात तिकिटं फाडण्यात गेला होता. ऑफिसं बंद पडली, पोलीस निघून गेले, तेव्हा या हापशावर दोघांची डोकी फुटली. त्यानंतर कुणी नियम केले असं नाही. ते होत गेले. भांडं ठेवलं की माणूस उभा आहे असं धरायचं. एका घराचं एकच भांडं. दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. मावशी फक्त आठवण करून द्यायची. स्वतःची बादली, कडीच्या जागी वायर बांधलेली, तिने कधी पुढे सरकवली नाही. आज ती नेमकी माझ्या पुढे होती.

तेवढ्यात लोखंडी गज घेतलेले तिघे आले.

"आजपासून हापसा आमचा. बादलीमागे काय देता, बोला!"

"बोलू की," मावशी म्हणाली. "आधी मागे उभे राहा, दादा."

त्याने लाथेने पहिलीच बादली उडवली. मावशीने वाकून ती होती तिथे उभी केली. ती सरळ व्हायच्या आत गज तिच्या डोक्यात बसला.

झाकणं, विटा, जे हाताला लागलं ते घेऊन माणसं धावली. दोघे पळाले. गजवाला पडला, त्याचे हात हलायचे थांबले तरी मार थांबेना. मी बाळाचं तोंड खांद्यात दाबून धरलं. दुसऱ्या हातातलं पातेलं गजवाल्याच्या तोंडावर कितीदा आपटलं, कोण जाणे.

मग जो तो आपापल्या जागी परतला. कुणी कुणाच्या पुढे गेलं नाही. रांग पुन्हा सरकू लागली.

माझ्या पुढे आता फक्त ती वायरची बादली. मावशी पायरीशी पडली होती, तोंडावर कुणाचा तरी टॉवेल. बाळाचे ओठ चिकटले होते. मी पायाने बादली जराशी लोटली.

"ताई," मागचा माणूस बाहीने कपाळावरचं रक्त पुसत हळूच म्हणाला, "नंबर मावशीचा आहे."

बाळाला कडेवर घेऊन मी हापसत राहिले. ती बादली काठोकाठ भरून बाजूला ठेवली, मग पातेलं लावलं. ओंजळीतलं पाणी बाळाने घटाघट गिळलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी हापशावर गेले. मावशीची बादली पहिल्या नंबरवर होती, तशीच भरलेली. पाण्यावर धुळीचा थर.

तिच्या मागे मी माझं पोचे आलेलं पातेलं ठेवलं.